टोचन-क्रेनने झाडाचा बुडखा काढायचा तर

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे टोचनचा धंदा इथे जुना आहे. लळिंग घाटात एक्सल तुटलेला ट्रक, बिजासनच्या उतारावर पलटी झालेला टँकर, सोनगीरच्या पुढे नाल्यात उतरलेली जीप, यांवर आपल्या क्रेनवाल्या बांधवांचे घर चालते. पण अपघात काही रोज होत नाहीत आणि होऊही नयेत. गाडी चार-चार दिवस गॅरेजपुढे उभी असते, बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. अशा वेळी देवपुरातून कोणी तरी येतो आणि म्हणतो, "चाचा, अंगणात लिंबाचा बुडखा राहिलाय. तुमची क्रेन लावा, दहा मिनिटांचे काम आहे."

हे दहा मिनिटांचे काम नव्हे, हेच या लेखात सांगायचे आहे. काम चांगले आहे, पैसा देणारे आहे, पण ते गाडी ओढण्याच्या कामासारखे नाही. गाडीचे वजन आरसी बुकावर लिहिलेले असते. ट्रक भरलेला असला तर बिल्टी पाहून मालाचे वजन कळते. बुडख्याचे वजन कुठेच लिहिलेले नसते. शिवाय आपण त्याचे वजन ओढतच नाही, मातीने मुळांना जे धरून ठेवले आहे ते ओढतो. दोन माणसांनी उचलावा असा बुडखा जमिनीत असताना दहा टनांना दाद देत नाही. विंच ओढत राहते, बुडखा हलत नाही. मग जे सर्वांत कमजोर असेल ते तुटते. ते मूळ नसेल तर दोर असेल, हुक असेल, किंवा दोराजवळ उभ्या असलेल्या पोऱ्याचा पाय असेल.

म्हणून जाणता मिस्त्री आधी ओझे कमी करतो आणि मग ओढतो. विंचचा नंबर शेवटी लागतो. पहिला नंबर कुदळीचा.

आधी कागद, मग कुदळ

धुळ्यात २००३ पासून महापालिका आहे. शहरी भागातील झाडांना १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही रीतीने झाडाला इजा करणे हेही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्यावरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. खेड्यात शेताच्या बांधावरचे काम असेल तर १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा पाहावा लागतो. सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आपण झाड तोडत नाही, तोडलेल्याचे मूळ काढतो, हे खरे. पण लिंबाचा किंवा सुबाभळीचा बुडखा महिनाभरात फुटतो, त्याला हिरवे धुमारे येतात. मग शेजारी तक्रार करतो आणि जागेवर उभी असते ती आपली क्रेन. तेव्हा मालकाने काढलेले परवानगीपत्र डोळ्यांनी पाहावे आणि त्याची झेरॉक्स गाडीत ठेवावी. तोंडी "सगळे झाले आहे" यावर हुक लावू नये.

त्याच वेळी दोन गोष्टी विचाराव्यात: जमिनीखालून नळाची लाइन कुठून जाते, आणि विजेची केबल आहे का. जुन्या घरांत मालकालाही हे ठाऊक नसते. मग मीटर आणि नळाचा कोंडाळा पाहून अंदाज बांधावा आणि त्या बाजूला हाताने खणावे.

कोणत्या झाडाची मुळे कशी

गुलमोहराची मुळे वर वर पसरतात. म्हणूनच वादळात तो आडवा होतो. त्याचा बुडखा काढायला सोपा, पण मुळे लांब गेलेली असतात आणि ओढताना फरशी उचकटतात. लिंब, बाभूळ, सुबाभूळ यांचे सोटमूळ खोल जाते. वरून कितीही कापा, खालचा खिळा तसाच राहतो. वेड्या बाभळीचा मूळ-गड्डा जमिनीखाली राहिला की पुन्हा झुडूप उभे राहते, म्हणून तो निदान फूटभर खालपर्यंत निघालाच पाहिजे. वड-पिंपळ भिंतीत किंवा विहिरीच्या बांधकामात शिरले असतील तर ते काम घेऊच नये. तिथे मूळ आणि दगड एकमेकांना धरून असतात. एक ओढले की दुसरे येते.

देवपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. मे महिन्यात ती दगडासारखी होते, जुलैत तिच्यात गाडीच रुतते. पावसाळा संपल्यानंतरचे दोन महिने या कामाला उत्तम. जमीन आत ओली असते आणि वर चाकाला धरते. उन्हाळ्यात काम करावेच लागले तर मालकाला सांगून आदल्या दिवशी बुडख्याभोवती आळे करून पाणी भरून ठेवावे. याला खर्च काही नाही आणि विंचवरचा निम्मा त्रास कमी होतो. मात्र पाणी बुडख्याभोवतीच द्यावे, गाडी उभी राहणार तिथे एक बादलीही नको.

बुडखा उंच ठेवा

सर्वांत मोठी चूक आपण पोहोचण्याआधीच झालेली असते. लाकूडतोड्या झाड जमिनीलगत कापतो. मालकाला वाटते, छान, थोडेच राहिले. प्रत्यक्षात त्याने आपली तरफ कापून नेलेली असते. झाड पाडण्याआधी काम आपल्याकडे आले, तर चार फूट खोड उभे ठेवायला सांगा.

हिशेब साधा आहे. समजा, बुडखा जमिनीखाली दोन फुटांवर मुरडतो. दोर जमिनीलगत बांधला तर तरफेचा हात दोन फुटांचा. खोड चार फूट उभे आहे आणि दोर त्याच्या डोक्याला बांधला, तर हात सहा फुटांचा. विंच तीच, दोर तोच, बुडखा उलथवण्याची ताकद तिप्पट. पट्टा वर सरकून निसटू नये म्हणून खोडाच्या मागच्या अंगाला, म्हणजे क्रेनपासून दूरच्या बाजूला, कुऱ्हाडीने दोन बोटे खोल खाच घ्यावी आणि पट्टा तीत बसवावा. जुन्या झाडात खिळे, तारा, कधी ट्री-गार्डची पट्टीही गिळलेली असते. पट्टा बसवण्याआधी हात फिरवून पाहा.

पण म्हणून बूम वर करून बुडखा विहिरीतल्या बादलीसारखा सरळ उपसायला जाऊ नका. सरळ वर ओढताना साऱ्या मुळांची पकड एकदम अंगावर येते आणि तरफेचा फायदा काहीच मिळत नाही. बूम जितकी लांब, तितकी तिची ताकद कमी. बुडखा हलण्याआधी गाडीची पुढची चाके जमीन सोडतात. आपल्याकडच्या अनेक क्रेन जुन्या ट्रकच्या चासीवर गॅरेजमध्येच बूम चढवून केलेल्या आहेत, त्यांवर क्षमतेची पाटी नसते. अशा गाडीला अंदाजाचा मार परवडत नाही.

कप्पीचा हिशेब

१९१६ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने ओढ्यात पडलेली मोटार माणसे लावून काढली, आणि त्या कष्टातून जगातली पहिली टोचन गाडी तयार झाली, असे मानतात. त्याने १९१३ च्या कॅडिलॅकवर काय बसवले? तीन खांब, एक कप्पी आणि एक साखळी. आपल्यापैकी बरेच जण कप्पी मात्र गाडीच्या पेटीत गंजू देतात आणि ॲक्सिलरेटर दाबतात.

आता एक उदाहरण घेऊ. वाडीभोकर रोडच्या आतल्या गल्लीत एक लिंबाचा बुडखा आहे. गाडीचे वजन सात टन. विंच तीन टन ओढते. दोर १६ मिलिमीटरचा, चांगल्या प्रतीचा. असा नवा दोर साधारण चौदा-पंधरा टनांना तुटतो. उचलण्याच्या कामात तुटण्याच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये असा नियम आहे, म्हणजे या दोराची मर्यादा तीन टन. विंच आणि दोर यांची जोडी जमली.

एक गोष्ट इथे विसरली जाते. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. ड्रमवर दोराचे जितके थर शिल्लक, तितकी ओढ कमी. दर थराला साधारण दहा-पंधरा टक्के घट धरावी. म्हणून गाडी बुडख्याजवळ आणण्यापेक्षा दूर उभी करून दोर बराचसा सोडावा. त्याने ओढही वाढते आणि माणूसही लांब राहतो. मात्र ड्रमवर किमान पाच फेरे राहिलेच पाहिजेत, नाही तर सगळा भार दोराच्या टोकाच्या पकडीवर येतो.

सरळ दोर लावला तर बुडख्याला तीन टन मिळतात. बुडख्याच्या पट्ट्याला कप्पी लावून दोर तिच्यातून फिरवून परत आणला, तर बुडख्यावर दोन दोरांची ओढ येते: सहा टन. घर्षणात थोडे जाते. वेग निम्मा होतो आणि तेही बरेच, कारण बुडखा हळूच निघायला हवा.

आता दोराचे परत आलेले टोक कुठे बांधायचे? बहुतेक जण ते क्रेनच्याच चासीला बांधतात. हिशेब करून पाहा. दोन्ही दोर गाडीला ओढतात, म्हणजे गाडीवरही सहा टन. सात टनांची गाडी कोरड्या घट्ट जमिनीवर साधारण निम्म्या वजनाला, साडेतीन टनांच्या आसपास घसरू लागते. ओल्या काळ्या मातीत त्याहून बरीच आधी. म्हणजे बुडखा जागेवर राहील आणि क्रेन त्याच्याकडे चालत जाईल. तेच टोक गाडीशेजारी एखाद्या पक्क्या आधाराला, दुसऱ्या उभ्या गाडीला किंवा जाड जिवंत झाडाला बांधले, तर गाडीवर फक्त तीन टन येतात, आधारावर तीन टन, आणि बुडख्याला मात्र सहाच मिळतात. खर्च तेवढाच, फरक फक्त गाठ कुठे मारली याचा. गाडीचा हँडब्रेक ओढून बुडख्याकडच्या बाजूने चाकांना लाकडाचे ठोकळे लावावेत. विटा नकोत, त्यांचा चुरा होतो.

दोन्ही दोर एकमेकांना समांतर असतील तरच हे सहा टन. ते फाकले की फायदा घटतो. दोघांमधला कोन ६० अंश झाला तर सहाचे सव्वापाच राहतात आणि १२० अंशांवर तीनच, म्हणजे कप्पी लावून न लावल्यासारखी.

गल्ली अरुंद असेल आणि क्रेन समोर उभी राहत नसेल, तर कप्पी कोपऱ्यावरच्या आधाराला बांधून दोर काटकोनात वळवता येतो. याने ओढ वाढत नाही, दिशा बदलते. पण त्या आधारावर दोराच्या जवळजवळ दीडपट भार येतो: तीन टनांच्या दोराला सव्वाचार टन. घराचा कोपरा, फाटकाचा खांब, विजेचा खांब हे आधार नव्हेत. जिवंत झाड वापरायचे तर अगदी बुडाशी रुंद पट्टा आणि त्याखाली गोणपाट बांधावे. वायर रोप सालीत रुतला तर ते झाडही वर्षभरात बुडखा होईल.

कप्पीजवळच्या सामानावर सर्वांत जास्त भार असतो, दोरावर नव्हे, हे लक्षात असू द्या. दोरावर तीन टन असताना पट्टा आणि डी-शॅकल सहा टन सोसत असतात. पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: पिवळा तीन टन, करडा चार, लाल पाच, तपकिरी सहा. पट्टा स्वतःतूनच ओवून फास घातला तर त्याची ताकद साधारण आठ आणे-बारा आणे नव्हे, पण रुपयातले तेरा आणे राहते. म्हणजे सहाच्या पट्ट्याचे पावणेपाच. खाचेतून पट्टा मागून फिरवून त्याची दोन्ही टोके एकाच शॅकलमध्ये घेतली तर उलट जोर वाढतो. शॅकलवर भारक्षमता ठोकलेली असते. जिच्यावर काहीच ठोकलेले नाही ती शॅकल भंगारात द्या, आणि पिनेऐवजी नटबोल्ट घातलेली तर आजच द्या.

दोराला गाठ मारून लांबी जुळवणे हा आपल्याकडचा जुना रोग. गाठीने दोराची ताकद निम्म्यावर येते. डोळा करायचा तर क्लॅम्प किमान तीन लावावेत, आणि क्लॅम्पचे बूड ओढ घेणाऱ्या दोरावर, वाकडा बोल्ट कापलेल्या टोकाच्या दोरावर. उलट लावला तर बोल्ट चांगल्या दोरालाच चावतो.

ओढताना

बुडख्यापासून दीड-दोन फुटांवर चर खणून बाजूची मुळे उघडी करावीत. ओढण्याच्या उलट बाजूची आणि दोन्ही कुशींची मुळे आधी तोडावीत, कारण ताण त्यांच्यावर येतो. मग दोर हलका ताणून थांबावे, सगळ्या जोडण्या पाहाव्यात, आणि त्यानंतरच भार द्यावा.

झटका कधीही देऊ नये. ढिला दोर एकदम ताणला की त्यावर विंचच्या ताकदीच्या कितीतरी पट भार क्षणभर येतो. गाडी पुढे पळवून बुडखा "उडवण्याची" रीत तर सोडूनच द्यावी. ज्यांनी तुटलेला वायर रोप हवेत परतताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड ताडपत्री टाकावी. दोर तुटला तर त्याचा फटकारा दबतो. ताणलेल्या दोरावरून कोणी ओलांडू नये. दोर जिथे वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणी उभे राहू नये, कारण कप्पी सुटली तर ती नेमकी तिकडेच येते. क्लीनर पोऱ्या तिथेच उभा असतो, कारण "उस्ताद, अजून थोडे!" हे सांगायला तीच जागा सोयीची असते. त्याला दोराच्या लांबीहून दूर, उस्तादाला दिसेल अशा ठिकाणी उभे करा आणि हाताचे इशारे आधी ठरवा. इशारा एकाच माणसाने द्यायचा. मालक, शेजारी आणि गल्लीतली पोरे यांनी दिलेले इशारे ऐकायचे नाहीत.

बुडखा कलला की खाली सोटमूळ दिसते. मोह होतो की ताण असतानाच कुऱ्हाड मारावी. तसे केले तर मूळ तुटताच बुडखा झेप घेतो. उचललेल्या बाजूखाली दगड किंवा ठोकळा सारावा, दोर ढिला करावा, मग मूळ तोडावे, मग पुन्हा ओढावे. दोनदा-तीनदा असे करावे लागते.

आणि विंच थांबली, म्हणजे ठरवलेल्या तीन टनांवर बुडखा हलला नाही, तर? पुन्हा कुदळ घ्यायची. कुठले तरी मूळ राहिले आहे, इतकाच त्याचा अर्थ.

भाव कसा ठरवावा

आज मोकळ्या जागेतले हे काम जेसीबीवाले घेतात आणि ते योग्यच आहे. पंज्याने चारही बाजू उकरून बुडखा लवकर निघतो. आपली जागा गल्लीबोळांत आहे. जिथे जेसीबी वळत नाही, जिथे अंगणातील फरशी वाचवायची आहे, तिथे साठ फुटांवरून दोर पोहोचतो.

उक्ता भाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. "काढून देतो, इतके द्या" असे म्हटले की दुपारी दोननंतर प्रत्येक मिनिट आपल्या खिशातून जाते, आणि मग कुदळ बाजूला पडून पाय ॲक्सिलरेटरवर जातो. गाडी येण्या-जाण्याचे वेगळे, तासाचे वेगळे, खणणाऱ्या मजुरांचे वेगळे असे सांगावे. मालक कुरकुरतो. त्याला नम्रपणे म्हणावे, "काका, तुमच्या लिंबाची मुळे मी पाहिलेली नाहीत, तुम्हीही पाहिलेली नाहीत." बुडख्याचे लाकूड कोणाचे आणि खड्डा कोण बुजवणार, हेही आधीच कागदावर यावे. चार फुटांचा खड्डा रात्रभर उघडा राहिला आणि त्यात कोणाचे मूल पडले, तर नाव क्रेनवाल्याचे निघते.

विम्याच्या पॉलिसीवरही एकदा नजर टाका. रस्त्यावरचा अपघात आणि काम करताना क्रेन उलटणे या विमा कंपनीच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी बहुधा जादा हप्ता भरून वेगळे कलम घ्यावे लागते. ते आहे का, हे एजंटाला तोंडी न विचारता कागदावर वाचून घ्या.

काम संपले की दोर तसाच गुंडाळू नका. चिखल पुसून, हातमोजे घालून, सगळी लांबी तपासा. तारा तुटून काटे आले असतील, दोर चपटा झाला असेल किंवा पीळ उलगडला असेल, तर तेवढा भाग कापून टाकावा. चांगला दोर ड्रमवर परत घेताना टोकाला थोडे वजन ठेवून घ्यावा, म्हणजे फेरे एकमेकांशेजारी घट्ट बसतात. ढिला गुंडाळला तर पुढच्या खेपेला वरचा थर खालच्या थरात रुतून अडकतो, आणि ही पुढची खेप बहुधा लळिंग घाटात रात्री दोन वाजता असते.